दिवस जाण्याआधीची साखर

जळगाव असो की धुळे, टेस्ट ट्यूब बेबी सेंटरच्या बाकावर बसलेल्या जोडप्यांच्या फायलीत सोनोग्राफी, हार्मोन आणि वीर्यतपासणीच्या कागदांबरोबर आता बऱ्याचदा साखरेचा रिपोर्टही असतो. काहींना आपल्याला मधुमेह आहे हे मूल होत नाही म्हणून केलेल्या तपासणीतच पहिल्यांदा कळतं. मग डॉक्टर सांगतात, तीन महिने थांबा, आधी साखर आटोक्यात आणा. घरात कुरबूर सुरू होते. आठ वर्षं थांबलो, आता आणखी कशासाठी थांबायचं? याचं उत्तर समजून घ्यायचं तर प्रिसिला व्हाइट या अमेरिकन डॉक्टरांच्या आयुष्याकडे पाहावं लागतं.

व्हाइट यांचा जन्म 1900 मध्ये बोस्टनचा. त्यांच्याच शहरातल्या हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात तेव्हा मुलींना प्रवेश नव्हता. तो मिळायला 1945 साल उजाडावं लागलं. त्यामुळे त्या टफ्ट्स विद्यापीठात शिकल्या आणि 1923 मध्ये डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी मधुमेहाचे नामवंत तज्ज्ञ इलियट जॉस्लिन यांच्या दवाखान्यात रुजू झाल्या आणि तिथंच त्यांची पन्नास वर्षं गेली.

तो काळ मोठा विलक्षण होता. इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन टोरांटोमध्ये 1922 च्या जानेवारीत दिलं गेलं होतं. त्याआधी लहानपणी मधुमेह झालेली मुलगी जगण्याची आशाच नसे. अर्धपोटी ठेवून काही मुलींचं आयुष्य थोडं लांबवता येई, पण अंगावर मांस राहत नसे आणि पाळीही बंद पडे. क्वचित कुणाला दिवस गेलेच, तर बाळ तर जाईच, कित्येकदा आईही जाई. इन्सुलिन आलं आणि या मुलींची वजनं भरली, पाळी सुरू झाली, त्यांची लग्नं झाली, दिवस राहू लागले. मधुमेही बाईसाठी वंध्यत्वावरचा पहिला खरा उपचार इन्सुलिनच ठरला.

आई वाचू लागली, तरी बाळाचं संकट टळलं नव्हतं. व्हाइट आल्या त्या 1924 साली त्यांच्या दवाखान्यातल्या मधुमेही मातांची जेमतेम 54 टक्के बाळं वाचत होती. मधुमेह असताना गर्भ ठेवूच नये, असा सल्ला देणारे डॉक्टर तेव्हा पुष्कळ होते. जॉस्लिन यांनी लहान मुलं आणि गर्भवती या दोन्ही गटांची जबाबदारी या तरुण डॉक्टरांवर टाकली.

साधनं अगदी तुटपुंजी होती. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून उकळायचं; रंग हिरवा, पिवळा की विटकरी होतो यावरून साखरेचा अंदाज बांधायचा. काचेची सिरिंज उकळून घ्यायची, सुई घासून धार लावायची. व्हाइट यांनी या साधनांनाच शिस्त लावली. गर्भवतीनं वारंवार तपासणीला यायचं, जेवण मोजून घ्यायचं आणि इन्सुलिनचा डोस गर्भाच्या वाढीबरोबर बदलत राहायचा. शेवटच्या आठवड्यांत पोटातलं बाळ अचानक दगावतं, हे लक्षात आल्यावर त्यांनी बाईला आधीच दाखल करून बाळंतपण काही आठवडे अलीकडे घ्यायची पद्धत पाडली. प्रसूतितज्ज्ञ, मधुमेहतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ या तिघांनी एकाच बाईकडे मिळून बघायचं, हे आज साधं वाटतं. तेव्हा ते नवं होतं.

1949 मध्ये त्यांनी मधुमेही गर्भवतींची एक वर्गवारी मांडली. मधुमेह कोणत्या वयात सुरू झाला, किती वर्षांचा आहे आणि डोळे, मूत्रपिंड, रक्तवाहिन्या यांच्यावर त्याचा परिणाम झाला आहे का, यावरून धोका ठरवायचा. ती वर्गवारी पुढे जगभर त्यांच्याच नावानं ओळखली गेली. दोघींची आजची साखर सारखी असली, तरी दोघींचा धोका सारखा नसतो, हे तिनं डॉक्टरांना शिकवलं.

त्यांच्या कामात एक चूकही झाली आणि ती सांगायलाच हवी. मधुमेही बाईच्या शरीरात गर्भ टिकवणारी हार्मोन्स कमी पडतात, अशी व्हाइट यांची समजूत होती. म्हणून त्या स्टिलबेस्ट्रॉल आणि प्रोजेस्टेरॉन भरपूर प्रमाणात देत. बाळं वाचत होती, म्हणून श्रेय हार्मोन्सनाही मिळत होतं. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं याची रीतसर चाचणी घेतली. हार्मोन्सचा काहीही फायदा होत नाही, हा तिचा निष्कर्ष 1955 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे 1971 मध्ये, गरोदरपणी स्टिलबेस्ट्रॉल घेतलेल्या मातांच्या मुलींना योनिमार्गाचा दुर्मीळ कर्करोग होतो, हे बोस्टनमधल्याच डॉक्टरांनी दाखवून दिलं. बाळं वाचवली होती ती रोजच्या साखरेवरच्या लक्षानं, वेळेवरच्या बाळंतपणानं आणि नवजात बाळाच्या काळजीनं. मुलासाठी आसुसलेल्या जोडप्याला आजही जादा इंजेक्शनं आणि महागडी पूरक औषधं सुचवली जातात. अशा वेळी याचा उपयोग चाचणीत सिद्ध झाला आहे का, एवढं विचारायला संकोच करू नये.

1960 मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचं बँटिंग पदक मिळालेल्या त्या पहिल्या महिला ठरल्या. 1974 मध्ये निवृत्त झाल्या, तेव्हा बाळं वाचण्याचं प्रमाण 90 टक्क्यांच्या वर गेलं होतं. 1989 मध्ये त्यांचं निधन झालं.

एक प्रश्न मात्र त्यांच्या हयातीत पूर्ण सुटला नाही. मधुमेही मातांच्या बाळांमध्ये हृदयाचे, मेंदूचे आणि मणक्याचे जन्मजात दोष जास्त का आढळतात? त्याचं उत्तर हळूहळू स्पष्ट झालं. बाळाचे मुख्य अवयव पहिल्या सात-आठ आठवड्यांत घडतात. पाळी चुकली हे लक्षात येऊन तपासणी होईपर्यंत त्यातला बराच काळ निघून गेलेला असतो. त्या दिवसांत आईच्या रक्तात साखर जास्त असेल, तर गर्भपाताचा आणि दोषांचा धोका वाढतो. नंतर कितीही काळजी घेतली तरी घडलेला दोष पुसता येत नाही. डॉक्टर मागतात ते तीन महिने यासाठीच असतात. मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी व्हाइट यांच्या हाताशी नव्हती, आपल्या हाताशी आहे. शुगर फार खाली न जाता जमत असेल, तर गर्भधारणेआधी हा आकडा 6.5 च्या खाली असावा. 10 च्या वर असेल, तर तूर्त गर्भधारणा टाळावी.

वंध्यत्वाचे उपचार घेणाऱ्या बाईला एक सोय आहे. आपोआप दिवस जाणाऱ्या बाईला तारीख ठाऊक नसते. हिचा गर्भ गर्भाशयात कधी सोडायचा, हे आधी ठरतं. वय वाढत असेल, तर गर्भ गोठवून ठेवून साखर आटोक्यात येईपर्यंत थांबण्याचा पर्यायही काही वेळा असतो. या काळात डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड, रक्तदाब आणि थायरॉइड तपासून घ्यावेत. फॉलिक अॅसिड सुरू करावं. मधुमेहात त्याचा डोस वेगळा असू शकतो. रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या गर्भाला चालत नाहीत, त्या डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात, मनानं बंद करू नयेत. बीजं काढण्याच्या दिवशी उपाशी राहायचं असतं, तेव्हा इन्सुलिन किती घ्यायचं हे आदल्या दिवशीच विचारावं. उपचारात स्टेरॉइड दिलं, तर साखर वाढते. नवऱ्याचीही साखर तपासावी, कारण मधुमेहाचा परिणाम शुक्रजंतूंवर आणि संबंधांवरही होतो.

आपल्याकडे मुलासाठी नवस बोलले जातात, श्रावणात कडक उपवास धरले जातात, सप्तशृंगी गडावर पायी जायचं ठरतं. श्रद्धा जपावी, पण इन्सुलिन घेऊन उपाशी राहिल्यानं साखर धोकादायकरीत्या खाली जाते. साबुदाण्याच्या खिचडीनं ती झपाट्यानं वरही जाते. त्यापेक्षा भाकरी, डाळ, मेथीची भाजी वेळेवर खाणं आणि संध्याकाळी चालणं बरं. सासूबाईंनी सुनेचा उपवास स्वतः सोडवला, तर तीही नातवंडाची काळजीच झाली.

व्हाइट यांच्याकडे येणाऱ्या बायकांना आई होण्यासाठी महिनोन् महिने जेवण मोजावं आणि इंजेक्शन टोचून घ्यावं लागे. आज साधनं कितीतरी सोपी आहेत. थांबा म्हणून सांगितलेले तीन महिने वाया जात नाहीत. बाळाची काळजी त्याच दिवसांत सुरू झालेली असते.