बार्शीचा मेहबूब, महाराष्ट्राचा अमर : शाहीर अमर शेख

शाहीर हा शब्द आपल्या घरातला आहे. अरबीतला शाइर उर्दूत शायर झाला आणि मराठी मातीत येऊन शाहीर झाला. शायर बहुधा मुशायऱ्यात बसून कलाम पेश करतो. शाहीर मात्र डफ घेऊन उभा राहतो आणि मागे झीलकरी सूर धरतात. या शब्दाने केलेला प्रवास एका माणसाच्या आयुष्यात बघायचा असेल तर शाहीर अमर शेख यांच्याकडे बघावं. दरवर्षी 1 मेला महाराष्ट्र दिनाचे कार्यक्रम होतात, ध्वनिक्षेपकावर गाणी लागतात. हे राज्य मिळावं म्हणून ज्यांनी गावोगाव घसा फोडून गायलं, त्यांत हे नाव पहिल्या दोन-चारांत येतं. आपल्या मोहल्ल्यातल्या किती मुलांना ते माहीत आहे, हे ज्याचं त्याने घरी विचारून बघावं.

त्यांचं खरं नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म 20 ऑक्टोबर 1916 चा, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचा. घर मुसलमानाचं आणि गरिबीचं. आईचं नाव मुनेरबी. लोकगीतांचा वारसा मेहबूबला मिळाला तो या आईकडून. ना उस्तादाचा गंडा, ना संगीताचा क्लास. आपल्याकडे गाणं आणि मुसलमान म्हटलं की लगेच घराण्यांची, खाँसाहेबांची आठवण काढतात. ती शान आपल्या जागी आहेच. पण खेड्यापाड्यातल्या मुलाणी, तांबोळी, शेख, पटेल यांच्या घरांतही गाणं होतं. ते बायकांच्या तोंडी होतं, म्हणून कुणी लिहून ठेवलं नाही.

आम्ही आंबेगाव तालुक्याचे, त्यामुळे हे आम्हाला जरा जास्तच जाणवतं. आमच्या तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घोड नदीच्या उगमाकडे आहुपे गाव आहे. पुढे कडा तुटतो आणि खाली कोकण दिसतं. वस्ती महादेव कोळी समाजाची. हिरड्याच्या दिवसांत घरचे सगळे रानात असतात. तिकडच्या मुलींना पाठ्यपुस्तकातली कविता पाठ करायला आठवडा लागतो, पण आजीकडून ऐकलेली गाणी एका दमात येतात. मेहबूबची शाळा याच जातीची असणार, असं आम्हाला वाटतं.

मेहबूब तेरा-चौदा वर्षांचा होता तेव्हा त्याचा जिल्हा पेटलेला होता. 1930 च्या मे महिन्यात सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ लावला. 12 जानेवारी 1931 ला येरवड्याच्या तुरुंगात सोलापूरच्या चौघांना फाशी झाली. मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन. ही चार नावं एका ओळीत वाचली की त्या काळचं सोलापूर डोळ्यांपुढे येतं. 1930 ते 32 च्या आंदोलनात बार्शीचा हा पोरगाही उतरला होता.

पण आंदोलनाने चूल पेटत नाही. पाणक्या, मोटारीवर क्लीनर, मग गिरणीत कामगार, अशी पडेल ती कामं त्यांनी केली. गिरणीत संप झाला तेव्हा ते पुढे राहिले आणि त्यापायी तुरुंगात गेले. तिथे कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकर यांची ओळख झाली आणि मेहबूब कम्युनिस्ट झाला. पुढे काही काळ कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत काम केलं. तिथल्या दोस्तांनी त्यांचं नाव अमर शेख ठेवलं. एक शब्द हिंदू घरातला, एक मुसलमान घरातला. दोस्तांनी एवढा विचार केला असेल असं नाही, पण नाव चिकटलं ते कायमचं.

आता एक गोष्ट सरळ बोलून टाकावी. अमर शेख लाल बावट्याचे होते. 1947 साली त्यांनी कुसुम जयकर यांच्याशी लग्न केलं, लग्नानंतर त्या ज्योती झाल्या. दीनदार माणसाची मिसाल म्हणून त्यांचं नाव घेता येणार नाही आणि घेऊही नये, ते त्यांच्यावरही अन्याय करणारं होईल. आपल्यातले काही बुजुर्ग या कारणावरून त्यांचा विषय निघाला की गप्प होतात. आम्हाला हे पटत नाही. माणूस आपल्या मातीतला आहे, त्याची मेहनत खरी आहे. मतं वेगळी म्हणून मेहनतीवर पाणी कसं सोडायचं? आणि आपण नाव सोडलं की ते घ्यायला दुसरं कुणी येईलच असं नाही.

1944 मध्ये मुंबईत लाल बावटा कलापथक उभं राहिलं. त्यात तिघं होते : अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख. अण्णाभाऊ वाटेगावच्या मांगवाड्यातून आलेले. तिघांनी मिळून तमाशाचा जुना साचा घेतला आणि आतला माल बदलला. गणात गणपतीऐवजी कष्टकऱ्याला आणि मातृभूमीला वंदन आलं, वगात राजाराणीच्या जागी सावकार, गिरणीमालक, पुढारी आले. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आमच्या शेजारचं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. तिथल्या राहुट्यांत जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात, त्यामुळे ढोलकीवर माणूस कसा खेचला जातो हे आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक आहे. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याच्यापर्यंत जायचं तर ढोलकी, डफ आणि तुणतुणं याला पर्याय नव्हता. कलापथकाने ही ताकद ओळखली, आणि सरकारनेही ओळखली. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने या पथकावर बंदी घातली. इंग्रज गेले तरी शाहिराच्या मागचे पोलीस गेले नव्हते.

मग आली संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. मुलांना हा इतिहास दोन ओळींत सांगून भागत नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. 1955 मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने मराठी माणसाला मुंबईसह स्वतःचं राज्य देण्याऐवजी गुजरातीभाषक भागासह द्विभाषिक राज्य सुचवलं. 21 नोव्हेंबर 1955 ला मुंबईत फ्लोरा फाउंटनवर मोर्चावर गोळीबार झाला. जानेवारी 1956 मध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात जाणार असं जाहीर झालं, पुन्हा लोक रस्त्यावर आले, पुन्हा गोळ्या. या लढ्यात शंभराहून जास्त माणसं गेली. फेब्रुवारी 1956 मध्ये पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. आचार्य अत्रे, एस. एम. जोशी, कॉम्रेड डांगे असे एरवी एकमेकांशी न जमणारे लोक एका व्यासपीठावर आले. त्यांच्या सभा मोठ्या व्हायच्या. शिवाजी पार्कवर, गिरणगावात, तालुक्याच्या बाजारपेठेत. आणि सभेत भाषणांच्या जोडीला शाहीर असायचा.

अमर शेख यांचा आवाज पहाडी होता. उंच पट्टीत चढायचा, चढून तिथेच ठाम उभा राहायचा. पोवाड्याचा जोश त्यात होता, आणि लावणीची हुरहूरही ते त्याच गळ्यातून काढत. अण्णाभाऊंनी लिहिलेली ‘माझी मैना’ ही छक्कड त्यांनी गायली आणि ती महाराष्ट्रभर झाली. बायकोला गावाकडे ठेवून मुंबईला पोटासाठी आलेल्या माणसाचं ते गाणं. वरून बघितलं तर विरहाची लावणी. पुढे पुढे ती मैना म्हणजे सीमेपलीकडे राहिलेला मराठी मुलूख होते, बेळगाव, कारवार, निपाणी होते. राजकारणाचा एवढा अवघड मुद्दा बायकोच्या आठवणीत घालून सांगणं सोपं नाही.

हे गाणं आमच्या तालुक्याचंही आहे. मुंबईचे डबेवाले बहुतेक जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, अकोले या पट्ट्यातले. माथाडी कामगारही इथून कितीतरी गेले. कितीएक घरांत बाप मुंबईला आणि माय गावाला, अशीच पिढी गेली. त्या माणसांनी सभेत उभं राहून हे गाणं ऐकलं असेल तेव्हा त्यांना द्विभाषिक म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं नसेल. 1 नोव्हेंबर 1956 ला द्विभाषिक मुंबई राज्य लादलं गेलं, 1957 च्या निवडणुकीत समितीने त्याचं उत्तर दिलं, आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. बेळगाव, कारवार, निपाणी बाहेरच राहिले. त्या अर्थाने मैना अजून गावाकडेच आहे.

लोक अमर शेख यांना आवाज म्हणून ओळखतात, कवी म्हणून कमी. आम्हाला ही त्यांच्यावर झालेली दुसरी नाइन्साफी वाटते. ‘अमरगीत’ हा गीतसंग्रह 1951 चा. ‘कलश’ 1958 मध्ये आला, ‘धरतीमाता’ 1963 मध्ये. ‘पहिला बळी’ हे नाटक त्यांनी लिहिलं. ‘युगदीप’ आणि ‘वख्त की आवाज’ ही नियतकालिकं चालवली. या दुसऱ्या नावावरून दिसतं की मराठीचा हा शाहीर उर्दू-हिंदीच्या दाराला कुलूप लावून बसलेला नव्हता. अत्र्यांनी त्यांची तुलना रशियन क्रांतीचा कवी मायकोव्हस्की याच्याशी केली होती. अत्रे स्तुती करताना हात आखडता घेत नसत हे खरं, पण ही तुलना उगीच नाही. दोघांचीही कविता मोठ्याने म्हणण्यासाठी होती. पुस्तकात मिटून ठेवली की तिचं अर्धं अंग लुळं पडतं, आणि अमर शेख यांच्या कवितेचं तेच झालं. गळा गेला, आणि पुस्तकं कपाटात राहिली.

सिनेमातही ते दिसले. अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’मध्ये आणि 1961 च्या ‘प्रपंच’मध्ये त्यांनी भूमिका केल्या. गोवामुक्तीच्या लढ्यात गायले. 1962 मध्ये चीनशी युद्ध झालं तेव्हा त्यांनी शाहिरी कार्यक्रम करून लोकांना जागं केलं, पैसा उभा केला. चीन म्हटलं की त्या दिवसांत प्रत्येक कम्युनिस्टाकडे लोक संशयाने बघत होते. आणि मुसलमानाकडे संशयाने बघायला तर निमित्तही लागत नाही. अशा वेळी हा माणूस डफ घेऊन रस्त्यावर उभा होता.

1969 चा पावसाळा वाईट गेला. 13 जूनला आचार्य अत्रे गेले. 18 जुलैला अण्णाभाऊ गेले, वय पन्नासही नव्हतं. आणि 29 ऑगस्टला पुणे-सोलापूर रस्त्यावर इंदापूरजवळ अपघात झाला, त्यात अमर शेख गेले. वय बावन्न. अडीच महिन्यांत चळवळीचे तीन मोठे आवाज बंद झाले. हाच रस्ता पुढे त्यांच्या सोलापूर जिल्ह्याकडे जातो.

मुंबई विद्यापीठात लोककलेच्या अभ्यासासाठी त्यांच्या नावाचं अध्यासन आहे. त्यांची मुलगी मल्लिका, वडील गेले तेव्हा बारा वर्षांची होती. पुढे ती मराठीतली नावाजलेली कवयित्री झाली. दलित पँथरचे नामदेव ढसाळ यांच्याशी तिचं लग्न झालं. 1984 मध्ये आलेलं तिचं आत्मकथन वाचताना अनेकांना धक्का बसतो, इतकं ते उघडं आणि कडवट आहे. त्यातला बाप मात्र मायेचा आहे. सभा गाजवणारा शाहीर घरी लेकीसाठी कसा होता, हे ज्यांना बघायचं असेल त्यांनी ती पानं जरूर वाचावीत. आपलं नाव ती आजही मल्लिका अमर शेख असंच लावते.