बंदाघाटावरचा बैरागी

दिवाळी पहाटेचे गाणे ऐकायला नांदेडकर गोदावरीच्या बंदाघाटावर जमतात. हा घाट ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते बंदा सिंग बहादूर सर्वांना लढवय्ये म्हणून ठाऊक आहेत. त्याआधी सुमारे सोळा-सतरा वर्षे ते याच काठावर बैरागी म्हणून राहत होते. आणि ते बैरागी झाले, असे सांगतात, ते एका हरिणीमुळे.

जम्मूच्या डोंगराळ राजौरीत २७ ऑक्टोबर १६७० रोजी जन्मलेल्या लछमनदेवला लहानपणापासून शिकारीचा नाद. पंधराएक वर्षांचा असताना त्याने एक हरिणी मारली. पोट फाडल्यावर आतली पिल्ले तडफडत बाहेर आली आणि डोळ्यांसमोर मेली. त्याने धनुष्य ठेवून दिले आणि घरही सोडले.

गाभण मादी जड होते, पळण्यात मागे पडते, म्हणून शिकाऱ्याला सोपी सापडते. आपल्या माळरानावरच्या काळविटाची मादी साधारण सहा महिने गाभण असते आणि बहुधा एकच पाडस देते. नर मारला गेला तर दुसरा नर त्याची जागा घेतो. मादी गेली की पुढची सगळी वीण जाते. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाच्या शिकारीला बंदी आहे. अर्थात ज्याचा कोवळा हरभरा रातोरात कळपाने फस्त केला, त्या लातूर-नांदेडच्या शेतकऱ्याला हरणाचा एवढा कळवळा येत नाही. त्याचेही खोटे नाही.

जानकीप्रसाद नावाच्या बैराग्याने लछमनदेवचा माधोदास केला. नाशिकच्या पंचवटीत योगसाधना करून माधोदास नांदेडला आले आणि गोदाकाठी मठ बांधून राहिले. सप्टेंबर १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांची भेट झाली आणि ठेवून दिलेले धनुष्य पुन्हा हाती आले. १७१० मध्ये त्यांनी सरहिंद जिंकले. त्या मोहिमेत रक्ताचे पाट वाहिले. हरिणीच्या कथेशी ही विसंगती गोड करून सांगण्यात अर्थ नाही. मात्र जिंकलेल्या मुलखात त्यांनी जमीनदारी मोडली आणि जमीन कसणाऱ्याच्या नावे केली. माती कोणाची, या प्रश्नाला त्या काळात असे उत्तर कोण देत होते?

१७१५ मध्ये मुघल फौजेने त्यांना पंजाबात गुरदास नांगल येथे कोंडले. वेढा सुमारे आठ महिने चालला. धान्य संपले तेव्हा माणसांनी जनावरे कापून कच्चे मांस खाल्ले, मग गवत, पाला, झाडांच्या साली. हगवणीने माणसे मरू लागली. हरणाच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यांतले सूक्ष्मजीव गवतातले सेल्युलोज फोडतात, म्हणून ते नुसत्या गवतावर जगते. माणसाच्या पोटात तशी सोय नाही. कितीही गवत खाल्ले तरी अंगी लागत नाही, उलट आतडी बिघडतात.

डिसेंबरात गढी पडली. उभे राहण्याचेही त्राण नसलेली माणसे कैद झाली. ९ जून १७१६ रोजी दिल्लीत बंदा सिंगांना हालहाल करून मारण्यात आले. त्याआधी त्यांच्या लहानग्या मुलाला त्यांच्या डोळ्यांदेखत ठार केले होते.