एकाच पदार्थाची चार नावं: ऑगस्ट हॉफमन यांची गोष्ट

दहावीच्या विज्ञानात कार्बनी संयुगांचा धडा आला की आमच्या वर्गात शांतता पसरते. मिथेन, इथेन, प्रोपेन, मग अल्कोहोल, कीटोन, अमाईन... मुलं नावं वहीत उतरवतात आणि घरी जाऊन घोकतात. आम्हीही आमच्या काळी तेच केलं. या नावांमागे चक्क हिशेब आहे हे आम्हाला कळलं ते शिकवायला लागल्यावर. तो हिशेब मांडणाऱ्यांपैकी एक मोठा माणूस म्हणजे ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन.

त्यांचा जन्म 8 एप्रिल 1818 चा, जर्मनीतल्या गीसन शहरातला. वडील वास्तुविशारद. मुलाला ओढ भाषांची आणि कायद्याची, विद्यापीठात गेला तोही त्याच विषयांसाठी. पण त्याच शहरात युस्टस लीबिग यांची नामांकित प्रयोगशाळा होती. विद्यार्थी वाढले, जागा अपुरी पडू लागली, आणि वाढीव बांधकामाचं काम हॉफमन यांच्या वडिलांकडे आलं. मुलगाही हळूहळू तिकडेच ओढला गेला आणि लीबिग यांचा शागीर्द झाला.

पहिलं मोठं काम डांबराचं. दगडी कोळशापासून गॅस काढला की मागे काळं, चिकट डांबर उरायचं. त्यात काय काय आहे ते हॉफमन शोधू लागले. त्या काळी चार वेगवेगळ्या शास्त्रज्ञांनी चार वेगवेगळ्या वाटांनी एकेक तेलकट पदार्थ मिळवला होता आणि प्रत्येकाने आपापलं नाव ठेवलं होतं: क्रिस्टलिन, कायनॉल, अनिलीन, बेंझिडाम. 1843 मध्ये हॉफमन यांनी सिद्ध केलं की हे चारही पदार्थ एकच आहेत. म्हणजे एकाच मुलाचे चार दाखले, चार नावांचे!

त्यातलं टिकलं ते अनिलीन. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. नीळ हा मूळचा संस्कृत शब्द अरबीत गेला, त्याला ‘अल’ लागलं आणि उच्चार झाला ‘अन-नील’. अब्दुर-रहमान म्हणताना जसा लाम गळतो, तसाच इथंही गळतो. तिथून पोर्तुगीजांकडे ‘अनील’ गेला. निळीपासून मिळालेला पदार्थ म्हणून अनिलीन. (अल्कोहोल हा शब्दही अरबीच, ‘अल-कुहल’ म्हणजे सुरमा. मुलांना सांगितलं की ती हसतात, पण विसरत नाहीत.)

1845 मध्ये लंडनला रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्री निघालं आणि सत्तावीस वर्षांचे हॉफमन तिथं प्रमुख म्हणून गेले. पुढची वीस वर्षं तिथंच. अमोनियात एक नायट्रोजन आणि तीन हायड्रोजन असतात. त्यातला एक, दोन किंवा तिन्ही हायड्रोजन काढून तिथं कार्बनचे गट बसवता येतात, हे त्यांनी दाखवलं. अशी एक सलग मालिकाच उभी राहिली, तेच अमाईनचं कुटुंब. मासळी शिळी होऊ लागली की जो वास सुटतो, तो याच कुटुंबातल्या ट्रायमिथिलअमाईनचा.

त्यांचा एक विद्यार्थी विल्यम पर्किन. मलेरियावरचं क्विनीन प्रयोगशाळेत बनवता येईल, या गुरूच्या कल्पनेमागे तो लागला. 1856 मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, त्याच्या हाती क्विनीनऐवजी जांभळा रंग लागला. पोरगा शिक्षण सोडून कारखान्याकडे निघाला ते हॉफमन यांना मुळीच आवडलं नाही. शिक्षक म्हणून आम्हाला त्यांचं दुःख कळतं, पण खरं सांगायचं तर पर्किन चुकला नव्हता. पुढे हॉफमन स्वतःही रंगांच्याच मागे लागले.

7 एप्रिल 1865 च्या व्याख्यानात त्यांनी क्रोकेट खेळातले लाकडी चेंडू काड्यांनी जोडून रेणू उभे केले. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा. आज शाळेच्या प्रयोगशाळेत जो मॉडेल-संच असतो, त्यातले रंग हेच. त्याच वर्षी ते बर्लिनला गेले.

1866 मध्ये त्यांनी नावांचा हिशेब मांडला, आणि इथं त्यांचं जुनं भाषाप्रेम कामी आलं असं आम्हाला वाटतं. उर्दूत एकाच हर्फावर जबर, जेर, पेश बदलला की आवाज बदलतो. मराठीत बाराखडी तेच करते. हॉफमन यांनी ए, ई, आय, ओ, यू हे स्वर ओळीने घेतले. दोन कार्बनचा ‘इथ’ तसाच ठेवायचा, हायड्रोजन दोन-दोनने कमी झाला की शेवटचा स्वर बदलायचा. सहा हायड्रोजन असले तर इथेन, चार असले तर इथीन, दोन असले तर इथाइन. नावाचा आरंभ कार्बन किती ते सांगतो, शेवट कुटुंब सांगतो. एवढं कळलं की अर्धं घोकणं संपतं.

सगळंच टिकलं नाही. चार कार्बनच्या संयुगाला ते ‘क्वार्टेन’ म्हणत होते. ते मागे पडलं आणि ब्युटेन राहिलं, ज्याचं नाव मुळात लोण्याच्या लॅटिन शब्दावरून आलेलं. नाहीतर आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये आज क्वार्टेन असतं.

घरचं आयुष्य सोपं नव्हतं. चार लग्नं झाली, तीन पत्नी त्यांच्या हयातीतच गेल्या. अकरा मुलांचे ते वडील. तरी वर्ग आणि प्रयोगशाळा थांबली नाही.

एप्रिल 1892 मध्ये युरोपातले रसायनशास्त्रज्ञ जिनिव्हात जमले आणि सेंद्रिय संयुगांच्या नावांचे नियम त्यांनी ठरवले. स्वर बदलून कुटुंब ओळखण्याची हॉफमन यांची युक्ती त्या नियमांत राहिली. त्यानंतर काही दिवसांतच, 5 मे 1892 रोजी, बर्लिनमध्ये हॉफमन यांचं निधन झालं.