खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (जन्म : गोळेश्वर, १५ जानेवारी १९२६, मृत्यू : १४ ऑगस्ट १९८४) हे मराठी कुस्तीगीर होते. स्वतंत्र भारतासाठी ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळविणारे ते पहिले खेळाडू होत.

शिक्षण आणि तालीम

सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर हे कऱ्हाडजवळचे गाव. वडील दादासाहेब स्वतः पैलवान असल्याने खाशाबांना कुस्तीचे धडे घरीच मिळाले. १९४० ते १९४७ या काळात त्यांचे शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. छोडो भारत चळवळीतही त्यांनी भाग घेतला. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. अंगाने किरकोळ दिसणाऱ्या या विद्यार्थ्याला महाविद्यालयाच्या क्रीडास्पर्धेत उतरू देण्यास क्रीडाशिक्षक तयार नव्हते. खाशाबांनी थेट प्राचार्यांकडे दाद मागून परवानगी मिळविली, असे सांगितले जाते. अभ्यास न सोडता त्यांनी कुस्ती चालू ठेवली. चपळाई आणि ढाक हा डाव ही त्यांची ओळख होती.

ऑलिंपिक

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तांबड्या मातीत घडलेल्या खाशाबांना मॅटची सवय नव्हती, तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळविला.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या वेळी पैशांचा प्रश्न अधिक बिकट झाला. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले खर्डेकर यांनी तर आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. आपल्या विद्यार्थ्यासाठी शिक्षकाने एवढी जोखीम पत्करल्याची उदाहरणे विरळाच. बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना हरविले. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेल्या प्रदीर्घ लढतीनंतर, नियमाप्रमाणे अर्ध्या तासाची विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव यांच्याशी लढावे लागले. हरकत घ्यायला एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. खाशाबांना कांस्यपदकावर समाधान मानावे लागले.

परतल्यावर १५१ बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांचे स्वागत झाले. त्यानंतर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरविले आणि त्यांच्या उत्पन्नातून खर्डेकरांचे घर सोडविले.

उत्तरायुष्य

१९५५ मध्ये ते पोलीस उपनिरीक्षक झाले व साहाय्यक पोलीस आयुक्तपदावरून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी मात्र त्यांना झगडावे लागले. रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. भारताला पुढचे वैयक्तिक पदक १९९६ मध्ये लिअँडर पेस यांनी मिळवून दिले. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मरणोत्तर देण्यात आला. हयातीत एकही पद्म पुरस्कार त्यांच्या वाट्याला आला नाही.