डॉ. झाकीर हुसेन : हातांच्या कामातून शिक्षण मांडणारा शिक्षक

भारताचे तिसरे राष्ट्रपती म्हणून डॉ. झाकीर हुसेन सर्वांना परिचित आहेत. तथापि त्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे शाळेत गेली. एखादे हातकाम नीट योजून केले तर त्यातून गणित, भूगोल, विज्ञान आणि भाषा असे अनेक विषय एकत्र शिकवता येतात, या विचाराला देशव्यापी अभ्यासक्रमाचे रूप देणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते.

त्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबाद येथे झाला. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातील कायमगंजचे. वडिलांचे छत्र बालपणीच हरपले आणि १९११ मध्ये आई प्लेगला बळी पडली. इटावा येथील वसतिगृहाच्या शाळेतून ते अलिगढच्या महाविद्यालयात गेले. १९२० मध्ये असहकाराच्या हाकेला प्रतिसाद देऊन त्यांनी ते महाविद्यालय सोडले आणि २९ ऑक्टोबर रोजी स्थापन झालेल्या जामिया मिलिया इस्लामिया या राष्ट्रीय विद्यापीठाच्या उभारणीत भाग घेतला.

उच्च शिक्षणासाठी ते १९२२ मध्ये जर्मनीला गेले. पदवीचा विषय अर्थशास्त्र असला तरी त्यांच्यावर खोल ठसा उमटला तो म्युनिकचे शिक्षणतज्ज्ञ गेओर्ग केर्शेनश्टायनर यांच्या विचारांचा. केर्शेनश्टायनर यांनी शाळांना कार्यशाळा आणि बागा जोडल्या होत्या. पक्ष्यासाठी लाकडी घरटे तयार करणारा विद्यार्थी मोजमाप घेतो, आराखडा काढतो, चुकतो आणि स्वतःची चूक स्वतःच ताडून पाहतो. केर्शेनश्टायनर यांच्या दृष्टीने खरे शिक्षण तेथे घडत होते. बर्लिनमधील एका मुद्रणालयात गालिबचा दिवाण छापण्याचे ठरले तेव्हा हुसेन यांनी स्वतः खिळे जुळवले, हेही येथे नमूद करावयास हवे. हातकामाविषयी त्यांनी पुढे जे सांगितले, ते केवळ वाचून सांगितलेले नव्हते.

१९२६ मध्ये ते परतले तेव्हा जामिया दिल्लीतील करोल बाग येथे भाड्याच्या जागेत कशीबशी तग धरून होती. वयाच्या २९ व्या वर्षी त्यांनी तिचे कुलगुरुपद स्वीकारले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दरमहा १५० रुपयांहून अधिक वेतन न घेता २० वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा केली. प्रत्यक्षात हाती पडणारी रक्कम त्याहून पुष्कळ कमी असे. जामियाच्या शाळेत अब्दुल गफ्फार मुधोली यांच्यासारख्या शिक्षकांनी प्रकल्पपद्धती रुजवली. मुलांची बँक आणि मुलांचे दुकान मुलेच चालवीत. तेथील हिशेबवही हीच गणिताची वही होती.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. मुलांना एखादा उद्योग शिकवावा, शिक्षण त्या उद्योगाच्या आधारेच द्यावे आणि मुलांच्या उत्पादनातून शिक्षकांचे वेतन निघावे, अशी गांधीजींची मांडणी होती. पहिल्या दोन मुद्द्यांना हुसेन यांचा पाठिंबा होता. तिसऱ्याविषयी त्यांनी परिषदेतच साशंकता व्यक्त केली. उत्पन्नावर भर दिल्यास शिक्षक मुलांकडून काम करवून घेणारा मुकादम बनेल, ही त्यांची भीती होती. गांधीजींसमोर असे बोलणे त्या काळी सोपे नव्हते. तरीही परिषदेने नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच सोपवण्यात आले. समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, जे. सी. कुमारप्पा, के. जी. सैयदैन यांचा समावेश होता.

समितीने २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल सादर केला. ७ ते १४ वयोगटासाठी सात वर्षांचा हा अभ्यासक्रम इंग्रजी वगळता मॅट्रिकच्या तोडीचा असावा, अशी अपेक्षा होती. साडेपाच तासांच्या शाळेपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगासाठी राखली होती. मातृभाषेला ४० मिनिटे, संगीत, चित्रकला व गणित मिळून ४० मिनिटे, तर समाजशास्त्र व सामान्य विज्ञानाला ३० मिनिटे होती. ही वाटणी पाहून अभ्यासाचे विषय मागे पडले असे वाटण्याचा संभव आहे. परंतु ते उद्योगातूनच यावयाचे होते. टकळीवर सूत काढणारा मुलगा तार मोजताना हिशेब शिकणार होता, कापूस कोणत्या जमिनीत पिकतो हे विचारताना भूगोलाकडे वळणार होता आणि विणकरांची दैना कशाने झाली हे शोधताना इतिहासाकडे.

फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने योजना स्वीकारली. सेवाग्राम येथील हिंदुस्थानी तालीमी संघाचे अध्यक्षपदही हुसेन यांनी सांभाळले. अनेक प्रांतांत शाळा निघाल्या. तथापि १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिल्यावर योजनेचा वेग मंदावला. स्वातंत्र्यानंतर ती सरकारी धोरणात आली, पण बहुसंख्य ठिकाणी टकळी उरली आणि तिच्याशी जोडलेले प्रश्न नाहीसे झाले. सुशिक्षित पालकांनी आपली मुले या शाळांत धाडली नाहीत, हेही तितकेच खरे.

हुसेन यांनी या अपयशावर पांघरूण घातले नाही. १९५८ मध्ये आकाशवाणीच्या सरदार पटेल स्मृती व्याख्यानमालेत ते शिक्षणाच्या पुनर्रचनेवर बोलले. यांत्रिकपणे केलेल्या कामास ते शैक्षणिक मानीत नसत. काम करण्यापूर्वी प्रश्न मनात स्पष्ट व्हावा, मग योजना आखावी, ती तडीस न्यावी आणि अखेरीस आपले काम आपणच कठोरपणे तपासावे, या चार पायऱ्यांवर त्यांचा भर होता. पुढे शाळांत कार्यानुभव हा विषय आला. कागदी फुले करून गुण मिळवलेल्या वाचकांना यातील चौथी पायरी किती ठिकाणी गाळली गेली ते सांगावयास नको.

१९४८ मध्ये त्यांनी अलिगढ विद्यापीठाची धुरा घेतली. पुढे ते बिहारचे राज्यपाल, १९६२ मध्ये उपराष्ट्रपती आणि १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न प्रदान करण्यात आले. ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. जामियाच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले.