पाण्याचा हिशोब मांडणारे विश्वेश्वरय्या

१५ सप्टेंबर हा सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस आपण अभियंता दिन म्हणून पाळतो. ते मूळचे म्हैसूर संस्थानातले, पण अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले. १८८३ साली ते अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले आणि पुढच्याच वर्षी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. नाशिक, खानदेश, पुणे येथे त्यांनी काम केले. खडकवासला धरणाला १९०३ साली बसवलेले आपोआप उघडणारे दरवाजे त्यांचेच. १९०६ साली एडन शहराचा पाणीपुरवठा आणि सांडपाणी यांचा अभ्यास करण्यासाठी सरकारने त्यांनाच धाडले.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या पुराने हैदराबादेत हजारो माणसे दगावली. तेव्हा आपला आदिलाबादही निजामाच्याच राज्यात होता. १९०९ साली निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले. त्यांनी शहराबाहेरचे सारे पाणलोट क्षेत्र अभ्यासले. तिथल्या सुमारे आठशे तलावांपैकी दोनशेहून अधिक फुटल्याचे दिसले. पावसाचे पाणी शहरात शिरण्याआधीच वर अडवावे, असा सल्ला त्यांनी दिला. त्यातूनच पुढे उस्मान सागर व हिमायत सागर झाले. शहराच्या सांडपाण्याची योजनाही त्यांनी आखली.

पुढे ते म्हैसूरचे दिवाण झाले. १९५५ साली त्यांना भारतरत्न मिळाले. शंभरी गाठून १९६२ साली ते निवर्तले.

किती पाणी येणार आणि ते कोणत्या वाटेने जाणार, हा त्यांचा हिशोब आपल्या गल्लीलाही लागू पडतो. पाच माणसांच्या घराचे सांडपाणी दिवसाला साधारण साडेपाचशे लिटर धरतात. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर पाच सेंटिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ४,६०० लिटर पाणी जमते. म्हणजे आठवड्याहून अधिक दिवसांचे सांडपाणी एकाच पावसात! गच्चीचा पाइप भुयारी गटाराला जोडला किंवा अंगणातले पाणी काढायला चेंबरचे झाकण उघडले, की गटार तुंबते आणि मैला सखल भागातल्या घरांत उलटा येतो. पाइपाचे सांधे फुटके असतील, तर पावसाळ्यात जमिनीतले पाणीही आत झिरपते.

म्हणून पावसाचे पाणी नाल्याला किंवा शोषखड्ड्याला द्यावे आणि गटार सांडपाण्यापुरतेच ठेवावे. आपल्या घरचा गच्चीचा पाइप कुठे जातो, हे आपण सर्वांनी यंदा पाहू या.