घर गहाण ठेवून आलेलं पदक

यात्रेतल्या कुस्त्या तुम्ही पाहिल्याच असतील. आधी रेवड्यांवर बारक्या पोरांच्या कुस्त्या लागतात, मग इनाम वाढत जातं आणि दिवस कलताना मानाची कुस्ती. मध्येच गर्दीतून कुणीतरी हात वर करतं, भोंग्यावरून त्याचं नाव पुकारलं जातं आणि इनामात शंभराची भर पडते. जिंकलेलं पोरगं मातीनं माखलेल्या अंगानं गर्दीतून फिरतं. कुणी दहा देतं, कुणी वीस. आपण सहज देतो आणि विसरूनही जातो.

आज ज्या माणसाची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, तो असाच लोकांच्या पैशांवर थेट ऑलिम्पिकपर्यंत पोहोचला होता.

खाशाबा जाधव हे नाव तुम्हाला माहीत आहे. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना तर पाठच असेल : स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, हेलसिंकी, १९५२, कुस्ती, कांस्य. यातला ‘स्वतंत्र’ हा शब्द गाळू नका हं. कारण १९०० साली पॅरिसमध्ये नॉर्मन प्रिचर्ड यांची दोन रौप्यपदकं भारताच्या नावावर लागलेली आहेत. प्रश्न तिथंच फसवतो.

पण या एका ओळीच्या उत्तरामागे काय काय आहे, ते बघा.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर गावातला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे तालीम घरातूनच सुरू झाली. शाळा कराडची, कॉलेज कोल्हापूरचं राजाराम. उंची बेताची, अंगानं आटोपशीर. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा पैलवान वाटायचाच नाही. पण चपळाई अशी, की समोरच्याला कळायच्या आत तो पाठीवर. ‘ढाक’ हा त्यांचा हुकमी डाव. पुढे त्यांना ‘पॉकेट डायनामो’ हे नाव पडलं, ते उगाच नाही.

१९४८ साली लंडन ऑलिम्पिकला जायची संधी आली. प्रवासाच्या खर्चाला कोल्हापूरच्या महाराजांनी हात दिला. तिथं गेल्यावर पहिला धक्का बसला तो गादीचा. आयुष्य गेलं लाल मातीत आणि इथं पायाखाली गादी! माती पाय धरते, गादीवर पाय सटकतो. नियमही वेगळे. आपल्याकडे पाठ लागली की कुस्ती संपते, तिथं गुणांचा हिशोब. रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकानं त्यांना थोड्या दिवसांत जमेल तेवढं शिकवलं. एवढ्या तयारीवर खाशाबा फ्लायवेट गटात सहावे आले. तुम्ही सेमिस्टरभर एक विषय मराठीतून शिकलात आणि पेपर जर्मन भाषेत आला, असं समजा. त्यात पहिल्या सहांत येणं म्हणजे काय, ते तुम्हीच ठरवा.

पुढची चार वर्षं त्यांनी गादीवरची कुस्ती अंगात मुरवली आणि वरच्या वजनगटात, ५७ किलोत उतरले. १९५२ च्या निवडीतही वाद झाला. त्यांनी पतियाळाच्या महाराजांपर्यंत दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावली गेली आणि ती जिंकून त्यांनी संघात जागा मिळवली, असं सांगितलं जातं.

निवड झाली, पण पुढे प्रश्न पैशांचा. हेलसिंकीला जायचं कसं? सरकारी मदत पुरेशी नव्हती. मग सुरू झाली वर्गणी. गावच्या लोकांनी दिले, दुकानदारांनी दिले, ओळखीपाळखीच्यांनी दिले. त्या सगळ्यांनी हेलसिंकी नकाशावरही पाहिलं नसेल. तरीही आकडा भरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेले खर्डेकर पुढे आले आणि त्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

इथं जरा थांबा. एका विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी प्राचार्य घर गहाण ठेवतो. पदक मिळेल याची काही हमी होती का? स्वतंत्र भारताच्या एकाही खेळाडूनं तोवर एकट्याच्या जोरावर ऑलिम्पिक पदक आणलेलं नव्हतं. म्हणजे जे कधी घडलंच नाही, त्यावर त्यांनी घर लावलं.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. मग जपानच्या शोहाची इशीशी गाठ पडली. लढत लांबली, दमवणारी झाली आणि निसटली. पुढे इशीच सुवर्णपदक घेऊन गेला. नियमाप्रमाणे दोन लढतींमध्ये विश्रांती मिळायला हवी होती. पण खाशाबांना लगेच सोव्हिएत रशियाच्या रशीद मामेदबेकोव्हसमोर उभं केलं गेलं आणि त्यांच्या वतीनं हरकत घ्यायला तिथं एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता, असं सांगतात. दमलेले खाशाबा ती लढत हरले. तरी कांस्यपदक नक्की झालं होतं. त्याच स्पर्धेत ६२ किलोत कोल्हापूरकडचेच के. डी. माणगावे चौथे आले. तेही पदकापासून एक पायरी दूर राहिले. हे मात्र क्विझमध्ये कुणी विचारत नाही.

खाशाबा परतले तेव्हा कराडपासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पाऊण तासही न लागणारी वाट त्या दिवशी कितीतरी तास सरली नाही. ढोल, ताशे, गुलाल. लोक नुसते बघायला आले नव्हते. त्या पदकात कुणाचे पाच रुपये होते, कुणाचे दहा. माणूस आपल्या वाट्याचं बघायला येतो तसे ते आले होते.

खाशाबांनी पुढे काय केलं माहितेय? सत्काराचे हार उतरवले आणि कुस्त्यांची दंगल भरवली. त्यातून आलेल्या पैशांतून प्राचार्यांचं कर्ज फेडलं, घर सोडवून दिलं. माझ्या मते हा त्यांचा हेलसिंकीपेक्षा मोठा डाव.

पुढची गोष्ट मात्र गुलालाची नाही. १९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले आणि १९८३ मध्ये निवृत्त झाले. बढतीसाठी बरीच वर्षं वाट पाहावी लागली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचं निधन झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर, २००१ मध्ये. दिल्लीतल्या कुस्ती संकुलाला २०१० मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. आता त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे. सगळं झालं, पण ते बघायला खाशाबा नव्हते.

आणि आकडे बघा. भारताला पुढचं वैयक्तिक पदक मिळालं ते १९९६ मध्ये, लिअँडर पेसला. मध्ये ४४ वर्षं गेली. महाराष्ट्राला त्याहून जास्त थांबावं लागलं. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्य जिंकलं, तेव्हा ७२ वर्षं उलटून गेली होती. या सगळ्या वर्षांत आपल्याकडे दुसरा खाशाबा जन्मलाच नसेल, हे काही पटत नाही. बहुतेक दुसरे खर्डेकर भेटले नसतील.

आपल्या नाशिक जिल्ह्यानं सावरपाड्याची कविता राऊत पाहिली, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा नौकानयनपटू दत्तू भोकनळ पाहिला. दोघंही २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकला गेले. वणीच्या रस्त्यावर पहाटे धावणारं एखादं पोरगं तुम्हीही पाहिलं असेल, कदाचित ते तुमच्याच वर्गातलं असेल. १५ जानेवारीला खाशाबांचा फोटो स्टेटसला ठेवाच. पण त्याआधी त्या पोराच्या बुटांचा तळ एकदा बघून घ्या. झिजला असेल, तर वर्गात वर्गणी काढायला कितीसा वेळ लागतो?